बारानिकोच्या गोळ्या

बेतिओच्या धक्क्याला तांदळाचं जहाज लागतं
त्या दिवशी माझी फेरी रखडते.
सगळे पेशंट रांगेत, खांद्यावर रिकामं पोतं टाकून.
बारानिकोसुद्धा.
मी त्याला रांगेतच गाठते,
तळहातावर गोळ्या ठेवते, बाटली पुढे करते.
"गिळ. आ कर. जीभ उचल."
मागचा पोरगा फिदीफिदी हसतो.
हॅम्बुर्ग आणि सांतोस पाहून आलेला खलाशी
बालवाडीतल्यासारखा जीभ उचलतो.

सहा महिने. रोज. मी बघत असताना.
पहिल्या आठवड्यात धावत आला होता:
"टिइरोआ, लघवी नारिंगी झालीय!"
म्हटलं, औषध पोटात गेल्याची पावती आहे ती,
जपून ठेवू नकोस.

खोकला मला कळत होता.
आमच्या घरांना भिंती नसतात:
खांब, चटई, वर केवड्याच्या पानांचं छप्पर,
आणि आरपार वारा.
आजोबा कुठल्या कडेला निजणार
ते वाऱ्याला विचारून ठरवायचं, असं मी नातवंडांना शिकवलं.
ती रोज संध्याकाळी बोट ओलं करून हवेत धरायची,
मग त्याची उशी उचलून न्यायची.

अवघड होती ती साखर.
क्षय आणि साखर एकाच होडीतून येतात आमच्या बेटावर,
एक वल्हं मारतो, दुसरी पाणी उपसते.

पहाटे आणि सांजेला तो माडावर चढायचा,
पोयीला पातळ काप देऊन वर बसून गायचा,
खालून कोण चाललंय, कुणाशी भांडून चाललंय,
सगळं गाण्यात.
आता चढतो, पण गात नाही. दम पुरत नाही.
नीरा उतरवतो, शेजारी वाटतो,
आणि बोट चाटतो.
मी पाहिलंय.

"भात किती खाल्लास?"
"एवढासा,"
म्हणून दोन्ही हात असे पसरतो
जसं काही कासव धरलंय.

मग मी त्याच्या ताटलीवर मार्करने रेघा ओढल्या.
हा अर्धा भाग पाल्याचा.
ही मूठ बाबाईच्या कंदाची, आजी खणायची तसल्या खड्ड्यातल्या.
मासा तुझा, त्याला रेघ नाही.
"आणि भात?"
"भाताला ही फट."
त्याने फट डोळ्याजवळ नेऊन पाहिली,
दुर्बिणीतून बंदर शोधावं तशी.
नेई आकोइयाने ताटली घासली.
रेघा पुसल्या नाहीत, याचं तिला फार वाईट वाटलं.

मानेआबात जेवणावळ होती.
तिथे नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं,
आणि आमच्याकडे तर दारंही नसतात.
म्हाताऱ्यांनी वाढलं. त्याने घेतलं.
रात्री यंत्रावरचा आकडा बघून मी ओरडले.
तो काही बोलला नाही.
पायाच्या अंगठ्याची जखम चटईखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्याने बोट मागे घेतलं.
"टोचू नकोस. तू कधी टोचून घेतलंयस?"

घेतलं नव्हतं.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांची बोटं पिळतेय मी.
पोरं बघत होती, म्हणून हसत हसत
स्वतःच्या करंगळीला सुई लावली.
थेंब पट्टीवर चढला.
यंत्र नेहमीसारखं पाच सेकंद विचार करत राहिलं.

आकडा त्याच्यापेक्षा मोठा होता.

कुणी हललं नाही.
लांब धक्क्यावर पोती पडत होती, एकामागून एक,
धप्प. धप्प.
मग बारानिको उठला, लंगडत आत गेला,
आपली रेघांची ताटली घेऊन आला.
तिच्यावर पाला होता, अर्धा मासा,
आणि फटीत मावेल इतका भात.
ती माझ्यासमोर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसला.

चावत होते. मीठ कमी होतं.
"गिळ," तो म्हणाला.
"आता आ कर.
जीभ उचल."